घरी परतलेला म्हातारा गोली पेन्शन खायला जात नाही

आइस हॉकी बघणाऱ्या लोकांमध्ये एक मेसेज सध्या भयंकर फिरतोय. त्याचा सूर असा की एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमधला वय झालेला गोलकीपर, म्हणजेच गोली, आपल्या गावच्या किंवा देशातल्या क्लबकडे परतला की समजून जायचं, याची पेन्शन सुरू झाली. तिकडे कोणी घेत नाही म्हणून येतो, इकडची लीग हलकी, लोक जुन्या नावाला टाळ्या वाजवतात आणि वर हा तरण्या पोराची जागा अडवून बसतो. मला हे वाचून खरंच राग आला, कारण या बाबतीतलं सगळ्यात मोठं उदाहरण नेमकं उलटं आहे, ते म्हणजे डॉमिनिक हाशेक.

आधी ते "तिकडे कोणी घेत नाही" बघू. हाशेक चेक प्रजासत्ताकातल्या पार्दुबित्सेचा, प्रागपासून शंभरेक किलोमीटरवर, लाबे नदीकाठचं गाव. १६व्या वर्षीच तिथल्या मोठ्या संघात आला, १९८७ आणि १९८९ ला त्यांच्याबरोबर देशाचं विजेतेपद जिंकला आणि १९९० ला अमेरिकेत गेला. तिथे सर्वोत्तम गोलीची व्हेझिना ट्रॉफी ६ वेळा आणि अख्ख्या लीगमधल्या सर्वात मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी २ वेळा, जी दोनदा आजवर दुसऱ्या कुठल्याही गोलीला मिळालेली नाही. २००८ ला डेट्रॉइटकडून दुसरा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांमध्ये, नॅशव्हिलविरुद्ध पहिले ४ सामने तो खेळला, तिसरा आणि चौथा हरले, मग कोचने दुसरा गोली ऑसगुडला उभं केलं आणि पुढचा सगळा कप हाशेकने बाकावरून बघितला. त्याच उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. म्हणजे निरोपच हवा असता तर तो मिळाला होता की, हातात कप घेऊन, याहून चांगला निरोप कुठला? तरी वर्षभर घरी बसून माणूस २००९ ला पार्दुबित्सेशी करार करतो, तेही ४४व्या वर्षी, जिथले पगार एनएचएलच्या जवळपासही नाहीत, तर तो खेळायलाच आलाय, दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

आणि तो जिंकला. एप्रिल २०१० मध्ये पार्दुबित्से चेक एक्स्ट्रालीगाचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगचे, विजेते, फायनलला विटकोवित्सेला हरवून, आणि गोलमध्ये ४५ वर्षांचा हाशेक.

"हलकी लीग" म्हणणाऱ्यांनी रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, माप तरी बघावं. एनएचएलचा रिंक साधारण २६ मीटर रुंद, युरोपातला ३० मीटरपर्यंत. टीव्हीवर हे ४ मीटर जाणवतही नाहीत, पण गोलीचं सगळं काम अँगलचं असतं, पाठीमागची जाळी त्याला दिसत नाही, आपण गोलच्या नेमके कुठे उभे आहोत हे तो बर्फावरच्या खुणा आणि बाजूच्या बोर्डावरून ओळखतो. रुंद रिंकवर फॉरवर्ड लांबून, बाजूने येतो, त्याला अंगावर घ्यायला पुढे सरकलात आणि त्याने पक (खेळायची रबरी चकती) आडवा दुसऱ्या बाजूला दिला की परत यायला जास्त अंतर कापावं लागतं, आणि तेवढ्यात गोल. हाशेक लहानपणी अशाच रिंकवर शिकला हे खरं, पण मध्ये तब्बल १८ वर्षं अरुंद रिंकची सवय लागली होती, ती चाळिशी उलटल्यावर मोडायची म्हणजे खायचं काम नाही. वयाचं म्हणाल तर आपल्या मैदानी हॉकीतला गोली श्रीजेश पॅरिस ऑलिम्पिकला ३६ वर्षांचा होता, खेळ वेगळा आहे मान्य, पण क्वार्टर फायनलला ब्रिटनविरुद्ध १० जणांनिशी खेळून शूटआऊट कोणाच्या जिवावर जिंकलो ते आठवा.

टाळ्यांचं तर उलटच आहे. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला कॅनडाचे पाच जण शूटआऊटला आले, फ्लरी, बुर्क, न्यूएंडाइक, लिंड्रॉस, शॅनहन, एकालाही गोल करता आला नाही. मग फायनलला रशियाविरुद्ध १-० आणि सुवर्ण. ज्या माणसाला देशाने असं बघितलंय त्याने ४५व्या वर्षी त्याच लोकांसमोर रोज पॅड बांधून उतरायचं, यात गमावण्यासारखं किती आहे याचा विचार तरी करा.

क्लबही भावनेने घेत नाहीत. स्वित्झर्लंडचा गोली योनास हिलरचं बघा, एनएचएलमध्ये अनाहाइम आणि कॅल्गरी करून २०१६ ला मायदेशी आला तो बील क्लबकडे, ज्या दावोसबरोबर तो आधी चॅम्पियन झाला होता त्यांच्याकडे नाही. तिकडे तेव्हा सामन्यात ४ च परदेशी खेळाडू चालायचे, त्यामुळे एनएचएलच्या दर्जाचा गोली स्वतःचाच नागरिक निघाला तर चारही जागा फॉरवर्ड आणि बचावाला मोकळ्या राहतात. शुद्ध व्यवहार. बील २०१८ आणि २०१९ ला सेमीफायनलला गेलं.

राहिला तरुणांचा मुद्दा, आणि तो मात्र मी उडवून लावणार नाही. गोलमध्ये एकच उभा राहतो, बाकीचे बसतात, एखाद्या पोराचं वर्ष खरंच बाकावर जातं. पण हाशेकचंच बघा ना, एनएचएलमध्ये शिकागोत तो मुख्य गोली बेलफोरच्या मागे बसला, खालच्या लीगमध्ये इंडियानापोलिसला गेला, बफेलोत ग्रँट फ्यूरच्या मागे बसला, फ्यूर जखमी झाला तेव्हा कुठे जागा मिळाली आणि पहिली व्हेझिना आली तेव्हा वय २९. आणि पार्दुबित्सेत तरी त्याने जागा कुठे अडवली? एक सीझन खेळला, जिंकून दिलं आणि मॉस्कोच्या स्पार्ताककडे गेला, म्हणजे "कोणी घेत नाही" हेही गेलं, तिथे ४६ सामने आणि ७ शटआऊट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने. पार्दुबित्से २०१२ ला पुन्हा चॅम्पियन झाले, त्याच्याशिवाय.