तुमच्या २ स्टार रिव्ह्यूला उत्तर: हॉलमधला आवाज, सॉकेट आणि झालेला उशीर

नमस्कार सर,

तुमच्या ऑफिसचं इंटिरियरचं काम आमचं, म्हणून तुमचा रिव्ह्यू वाचला आणि खरं सांगते, वाईट वाटलं, कारण त्यातलं बरंचसं बरोबर आहे. तुम्ही लिहिलंय की बाणेरच्या ऑफिसात ट्रेनिंग हॉलमधली सरकती पार्टिशन लावली तरी एका बाजूचं बोलणं दुसरीकडे शब्दन् शब्द ऐकू येतं, टेबलं हलवली की वायर पुरत नाही, मंगळवार-बुधवारी बसायला जागा मिळत नाही, काम ३ आठवडे उशिरा मिळालं आणि टेबलांना चाकं लावली म्हणजे ऑफिस फ्लेक्सिबल होत नाही. फोनवर आपलं बोलणं झालंय, पण तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत तर मी पण इथेच उत्तर देते.

आधी आवाजाचं, कारण ते सगळ्यात गंभीर आहे. अप्रेझल चालू असताना कोणाच्या पगाराचा आकडा पलीकडच्यांना ऐकू जाणं ही साधी गैरसोय नाही, त्या माणसाला किती अवघडल्यासारखं झालं असेल. त्याबद्दल मनापासून माफी.

शनिवारी मी आणि आमचा सुपरवायझर तुमच्याकडे येऊन गेलो तेव्हा पार्टिशन पूर्ण बंद केली, एका बाजूला मोबाईलवर बातम्या लावल्या आणि पलीकडे जाऊन पार्टिशनला कान लावून फिरलो. पॅनलमधून जवळजवळ काहीच येत नव्हतं, सगळा आवाज डोक्यावरून येत होता. मग घोडा लावून सीलिंगची एक २ बाय २ ची टाइल काढली आणि आत बॅटरी मारली, तर उजेड सरळ पलीकडच्या हॉलच्या स्लॅबवर पडला, मध्ये अडवायला काहीच नाही. जिथून उजेड जातो तिथून आवाज जातोच. तुमचा स्लॅब १२ फुटांवर, फॉल्स सीलिंग ९ फुटांवर, म्हणजे पार्टिशनच्या डोक्यावर ३ फुटांची मोकळी गल्ली आणि एसीची हवा परत जायच्या जाळ्या दोन्हीकडून तिथेच उघडतात. पार्टिशनचं रेटिंग एसटीसी (भिंत किती आवाज अडवते त्याचं माप, आकडा जितका मोठा तितकं चांगलं) ४५ आहे आणि ते खोटं नाही, पण ते लॅबमधलं, चारी बाजूंनी बंद केलेल्या पॅनलचं. तुम्हाला कल्पना यावी म्हणून सांगते, १०० चौरस फुटांच्या अशा भिंतीत नुसती १ चौरस फूट फट उघडी राहिली तरी ती ४५ ची भिंत २० च्या आसपास येते, मग पॅनल कितीही भारी घ्या.

आता हे राहिलं कसं. पहिल्या कोटेशनमध्ये 'सीलिंगवर बॅरियर' असा एका ओळीचा आयटम होता, बजेट खाली आणताना तो निघाला, सुधारित कोटेशनवर तुमच्याकडून सही पण आहे. पण ती सही पुढे करून मी हात झटकणार नाही. त्या ओळीत काय आहे हे तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं, ती काढली तर हॉल दोन होणार नाहीत, एकच राहील, हे मी तेव्हा समोर बसून सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. त्यामुळे हा खर्च पूर्ण आमचा. पार्टिशन ज्यावर सरकते त्या वरच्या ट्रॅकपासून स्लॅबपर्यंत दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्डचे डबल थर, मध्ये आवाज शोषणारं रॉकवूल, स्प्रिंकलरचा पाइप आणि केबल ट्रे जिथून आरपार जातात तिथे सीलंट, आणि एसीची परतीची हवा अडू नये म्हणून आतून इन्सुलेशन लावलेला वळणाचा डक्ट. सरळ डक्ट टाकला तर आवाज त्यातूनही जाईल, म्हणून वळण.

अजून एक, पॅनल ओढून झाल्यावर हँडल शेवटपर्यंत फिरवावं लागतं, तेव्हाच खालचा सील कार्पेटला टेकतो. आम्ही गेलो तेव्हा दोन पॅनलचे सील बोटभर वर होते. तुमच्या माणसांची चूक नाही, हँडओव्हरला घाईघाईत एकदाच दाखवलं होतं आम्ही. या वेळी जी मुलं रोज लावतात त्यांच्या हातून करून घेऊ.

सॉकेटचं. फ्लोअर बॉक्स, म्हणजे जमिनीत बसवलेले सॉकेट, ८ धरले होते, शेवटी ४ राहिले, आणि तेही टेबलांच्या एकाच मांडणीप्रमाणे. म्हणून आज तुमच्याकडे एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर पसरलेत, पाय अडकून कोणी पडेल ही तुमची भीती रास्त आहे. आता फरशी फोडायला मी सांगणार नाही, स्क्रीड, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, फक्त २ इंच आहे आणि खाली दुसऱ्यांचं ऑफिस. रेझ्ड फ्लोअरिंग, म्हणजे वायर खालून जाईल अशी उचललेली फरशी, केलं तर उंची जाईल आणि दारात रॅम्प करावा लागेल. त्यापेक्षा सीलिंगमधून खाली येणारे ३ पोल देते, पॉवर आणि डेटा दोन्ही, जागा तुमची टीम ठरवेल. पोल मटेरियलच्या किमतीत, मजुरी आमची.

जागा कमी पडते त्याबद्दल. ६० माणसं, ४२ डेस्क, हा हिशोब आपण रोजच्या हजेरीच्या महिन्याच्या सरासरीवर केला. पण सरासरीत सोमवार आणि शुक्रवारची रिकामी ऑफिसं मिसळतात, मंगळवारी ५० लोक येतात ते त्यात दिसत नाही. मला वारानुसार आकडे मागायला हवे होते, आता प्रत्येक क्लायंटकडे तेच मागतेय. तुमच्याकडे कॅफेच्या भिंतीला ८ जणांचं बसकं काउंटर बसतंय, ड्रॉइंग सोबत आणते.

उशिराचं थोडक्यात: ३ पैकी २ आठवडे स्प्रिंकलरची लाइन रिकामी करायची परवानगी बिल्डिंगकडून मिळेपर्यंत गेले, १ आठवडा मात्र आमचा, काचेचं माप चुकलं आणि टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, नवीनच करून घ्यावी लागते.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही सर. नुसती चाकं लावून पैसे घेतले असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या हॉलच्या दोन्ही भागांना वेगळं एसी युनिट आहे, वेगळा थर्मोस्टॅट, वेगळे स्विच, दोन्हीकडे स्वतंत्र स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टर. म्हणून पार्टिशन लावल्यावर एकीकडे गारठा आणि दुसरीकडे घुसमट असं होत नाही, आणि आग लागली तर दोन्ही भागांना आपापलं संरक्षण आहे. यातलं बरंचसं काम सीलिंगच्या वर आहे, डोळ्याला दिसत नाही, पण जास्तीत जास्त पैसा तिथेच गेलाय. १९६८ मध्ये रॉबर्ट प्रॉप्स्ट या अमेरिकन डिझायनरने हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी ॲक्शन ऑफिस या हलवता येणाऱ्या ऑफिस फर्निचरची दुसरी आवृत्ती केली ती पण काम बदललं की मांडणी बदलता यावी म्हणूनच, आणि कंपन्यांनी त्याच्याच क्यूबिकलच्या न हलणाऱ्या रांगा केल्या, त्याला स्वतःला ते अजिबात आवडलं नव्हतं. तुमचा हॉल तसा अडकून पडू नये म्हणूनच तर मी त्या सीलिंगच्या वरच्या कामावर इतकी अडून बसले होते, आणि बॅरियर तिथलाच राहून गेला याचं मला जास्त लागलंय.

येत्या शनिवारी दुपारी २ नंतर तुमचं ऑफिस बंद झालं की काम सुरू करतो, रविवारी रात्रीपर्यंत बोर्ड आणि डक्ट संपेल, धूळ होईल म्हणून त्या बाजूची टेबलं आमची माणसं झाकून घेतील. सर्व्हिस लिफ्टची परवानगी तेवढी तुमच्या ॲडमिनकडून लागेल. सोमवारी सकाळी ९ ला मी स्वतः येते, तुम्ही एका बाजूला बसून नेहमीच्या आवाजात बोला, मी पलीकडे बसते.