एकत्र बसवलं म्हणून थोरल्याचं नुकसान होत नाही, सर

सर, तीन वयांच्या मुलांना घरी विज्ञान शिकवण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमचे मुद्दे चार. पाणी १०० अंशांना उकळतं असं मी लिहिलं, ते बेळगावात खरं नाही. कर्नाटकातल्या मुलांना बालभारती कशाला? दहावीचं काय? आणि चौथं, तुमच्याच शब्दांत: "सहा, नऊ आणि तेरा वर्षांच्या पोरांना एका टेबलाशी बसवणं हा हौशी पालकांचा खेळ आहे, यात थोरल्याचं वाटोळं होतं."

पहिला मुद्दा मान्य. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून इथं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. मुलाचा थर्मामीटर तिथं थांबला की त्याला आपला प्रयोग फसला असं वाटतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण "हौशी पालकांचा खेळ" हे लागलं. चूक दाखवायला हा शब्द लागत नाही. वर्गात एखादं पोर चुकलं तर त्याला तुम्ही असं म्हणत नसाल. बारा वर्षं मी घरी विज्ञान शिकवते आहे, नववी-दहावीची पुस्तकं ओळ न ओळ वाचून. नुसत्या हौसेनं हे होत नाही. "थोरल्याला कमी मिळतं" एवढं लिहिलं असतं तरी मुद्दा पोचला असता.

आता थोरल्याला काय मिळतं ते बघा. एकच वस्तू घेते, तुरटी. रविवार पेठेत कुठल्याही किराणा दुकानात मिळते.

पावसाळ्यात ओढ्याचं तांबडं पाणी बादलीभर आणा. सहा वर्षांचं मूल एका बाटलीत तुरटीचा खडा फिरवतं, दुसरी तशीच ठेवतं, आणि अर्ध्या तासानं दोन्ही बाटल्यांची चित्रं काढतं. त्याचं काम संपलं, ते उठून खेळायला गेलं तरी चालेल.

नऊ वर्षांच्या मुलाचा प्रश्न वेगळा: किती तुरटी पुरते? १ ग्रॅम तुरटी १०० मिली पाण्यात विरघळवायची, म्हणजे दर मिलीत १० मिलिग्रॅम आली. एकेक लिटर गढूळ पाण्याच्या चार बरण्यांत सिरिंजनं २, ४, ६ आणि ८ मिली घालायचं. एक मिनिट जोरात ढवळायचं, दहा मिनिटं अगदी सावकाश, मग अर्धा तास हात लावायचा नाही. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात मात्रा ठरवतात ती याच रीतीनं. इथं मुलं हमखास चुकतात ती ढवळण्यात: शेवटपर्यंत जोर लावला की जमलेले पुंजके फुटतात आणि पाणी गढूळच राहतं. दुसरी चूक वजनाची. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमच्या पायरीनं चालतो, त्यावर १ ग्रॅम मोजण्यात अर्थ नाही. १० ग्रॅम घेऊन लिटरभर द्रावण करा.

आणि ज्याचं वाटोळं होतं म्हणता तो तेरा वर्षांचा मुलगा त्याच टेबलाशी बसून हे करतो. मातीचे बारीक कण ऋणभारित असतात, एकमेकांना ढकलतात, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांशी अभिक्रिया करून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके बनवतं, ते कणांना घेऊन तळाला जातात, आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. ते समीकरण त्यानं संतुलित करायचं. खानापूरकडच्या जांभ्या मातीवरून आलेलं पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात बायकार्बोनेट फार थोडं, म्हणून तुरटी घालूनही पुंजके धरत नाहीत. तेव्हा चुन्याची निवळी चमचाभर घालायची. बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या मातीतल्या विहिरीचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं, तिथं सहसा ही वेळ येत नाही. का, हे त्यानं शोधायचं. तुरटीनं पाणी आम्लधर्मी होतं हे दाखवायला हळद घेऊ नका, ती फक्त अल्कलीत लाल होते. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क वापरा. प्रयोगाचं पाणी कुणी प्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तुरटीची लाही. लोखंडी तव्यावर, मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून १० ग्रॅम तुरटी फुलवायची. तुरटीच्या रासायनिक सूत्रातल्या पाण्याच्या १२ रेणूंवरून मुलगा आधी हिशोब मांडतो: वस्तुमानाचा जवळपास ४५.५ टक्के भाग पाणी, म्हणजे साडेपाच ग्रॅमच्या आत उरायला हवं. घरी बहुधा त्याहून जास्त उरतं, कारण सगळं पाणी जात नाही. वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा तापवायचं, पण आच फार वाढवायची नाही, नाहीतर तुरटीच मोडायला लागते आणि उग्र वास सुटतो. आजीला लाही करताना पाहिलेल्या धाकट्यांनाही हे बघायला आवडतं. यात थोरल्याचं काय बुडालं, ते दाखवा.

म्हणून पुस्तकाच्या आधी मी तीन वर्षांचं चक्र ठरवायला सांगते. एक वर्ष सजीव, एक वर्ष पदार्थ, एक वर्ष पृथ्वी, आकाश आणि ऊर्जा. सहाव्या वर्षी तुरटी पाहिलेलं मूल नवव्या आणि बाराव्या वर्षी तिच्याकडे परत येतं, दर वेळी नवा प्रश्न घेऊन. इयत्तावार तीन वेगळी पुस्तकं चालवली तर आईच्या आठवड्यात तीन तयाऱ्या येतात, आणि दिवाळीनंतर प्रयोग बंद होऊन नुसतं वाचन उरतं.

बालभारतीचं म्हणाल, तर पीडीएफ फुकट मिळतात आणि मराठी नीट आहे. कर्नाटकाची मराठी माध्यमाची पुस्तकंही शेजारी ठेवा, कुणी अडवलेलं नाही. पुढे कन्नडशी गाठ पडणार असेल तर ऑक्सिजनसमोर आम्लजनक लिहून ठेवा. दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालय (एनआयओएस) आहे, शाळेत न जाता परीक्षा देता येते, वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

राहिलं गणिताचं विज्ञान. मोल (अणू-रेणूंची संख्या मोजायचं एकक), ओहमचा नियम, गतीची समीकरणं धाकट्यांसोबत शिकवता येत नाहीत. त्यासाठी थोरल्याला आठवड्यातून तीनदा पाऊण तास वेगळं बसवायचं, दार लावून. हे मूळ लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत वाचून मग पुढचं लिहा, सर.