हळकुंडाला कीड लागत नाही, हा समज साठवणुकीत टिकत नाही

हळद शिजवून, वाळवून आणि पॉलिश होऊन घरात येऊ लागली की शेतकऱ्यांच्या गटांतून एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: हळद मुळातच जंतुनाशक असल्यामुळे नीट वाळलेल्या हळकुंडाला कीड लागत नाही, आणि सांगलीच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या साठवणीच्या खड्ड्यांत, ती वर्षानुवर्षे टिकत असे हाच त्याचा पुरावा होय; तरीही भुंगेरे दिसलेच तर माल दोन दिवस उन्हात टाकावा, पोत्यात कडुनिंबाचा पाला घालावा, आणि एवढ्याने भागले नाही तर पोत्यांच्या थप्पीत धुरीची, म्हणजे विषारी वायू सोडणारी गोळी ठेवावी. यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे, आणि आधीच्या सल्ल्यांमुळे भाव येण्याची वाट पाहणाऱ्या लहान शेतकऱ्याचे हातचे उत्पन्न जाते. म्हणून त्यातला प्रत्येक दावा तपासायला हवा.

हळदीचा जखमेवरचा गुण आणि तिची साठवणुकीतली सुरक्षितता यांचा एकमेकांशी संबंध नाही. वाळलेल्या हळकुंडाचा साठ ते सत्तर टक्के भाग कर्बोदकांचा, म्हणजे मुख्यतः पिठाचा असतो. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन जातीनुसार साधारण 2 ते 6 टक्केच भरते. त्या पिठासाठी येणाऱ्या किडींत मुख्य आहे तो तंबाखूवरचा भुंगेरा, ज्याला शास्त्रीय भाषेत लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी म्हणतात. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी, डोके खाली वाकवलेला हा किडा आपल्याला दिसतो तेव्हा नुकसान बरेचसे होऊन गेलेले असते, कारण खाणारी त्याची अळी असते आणि ती हळकुंडाच्या आत असते. त्याच्याच कुळातला, पंखांवर उभ्या रेघा असलेला दुसरा भुंगेरा औषधी मुळ्या, धने आणि बिस्किटे यांवरही जगतो. तिखटपणाने किंवा कडूपणाने कीड पळत असती तर यातला पहिला किडा तंबाखूच्या वखारीत वाढलाच नसता, कारण तंबाखूतले निकोटीन हे स्वतःच एकेकाळी कीटकनाशक म्हणून फवारले जात असे. या भुंगेऱ्यांच्या आतड्यालगत यीस्टसारखी सूक्ष्म बुरशी वस्तीला असते. ती त्यांना ब गटातली जीवनसत्त्वे पुरवते आणि वनस्पतींतली अनेक विषारी द्रव्ये निष्प्रभ करायला मदत करते. तेव्हा हळदीच्या औषधीपणावर विसंबून माल उघडा ठेवणे म्हणजे या किड्याला जेवणाचे आमंत्रण देणे आहे.

‘नीट वाळलेल्या’ या शब्दांत मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. ओलावा दहा टक्क्यांच्या आत आला, हळकुंड कडक आवाज करून तुटू लागले, की बुरशी लागत नाही आणि किडीची वाढही मंदावते. पण मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे. शिवाय हळद शिजवताना शेतातून आलेली अंडी-अळ्या मरतात हे खरे असले, तरी साठवणुकीतली कीड शेतातून येतच नाही. ती मागच्या वर्षीच्या बारदानाच्या शिवणीतून, कोपऱ्यात राहिलेल्या भुशातून आणि शेजारी ठेवलेल्या सुंठ-मिरचीच्या पोत्यातून येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये खडखडीत वाळलेला माल जुलैच्या दमट हवेत साध्या गोणीत पुन्हा ओलावा ओढतो, आणि तीसेक अंश तापमानात त्या किडीची पुढची पिढी पाच-सहा आठवड्यांत उभी राहते.

पेवांचा दाखला हा या संदेशातला सर्वांत मोलाचा भाग आहे, फक्त त्याचा अर्थ उलटा लावला गेला आहे. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या परिसरात, जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद भरून तोंड मातीने लिंपून बंद करत असत. आतली हवा बदलत नसे, आणि मालातले किडे व इतर जीव आतला प्राणवायू वापरून टाकत. त्या कोंडलेल्या हवेत किडीला जगणे अशक्य होई. पेव उघडल्यावर माणसे लगेच आत उतरत नसत, आधी हवा खेळू देत, यावरूनच आत काय घडत होते ते कळते. हळद टिकली ती हवेपासून तोडली गेल्यामुळे. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे पाण्याने निकामी झाली, पण त्यांमागचे तत्त्व बुडालेले नाही. आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या चवळीसाठी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून कॅमेरूनमध्ये विकसित झालेल्या, आत प्लॅस्टिकचे दोन जाड थर आणि बाहेर विणलेले पोते अशा हवाबंद पिशव्या याच तत्त्वावर चालतात, आणि कसाव्याच्या वाळवलेल्या कापांवरही त्या तपासल्या गेल्या आहेत. साध्या गोणीत आरपार हवा खेळत असते, त्यामुळे पेवाचा पुरावा गोणीला लागू पडत नाही.

कीड दिसल्यावर उन्हात टाकण्याच्या उपायाने प्रौढ भुंगेरे सावलीकडे उडून जातात, आतली अळी पुष्कळदा तशीच राहते, आणि कर्क्युमिन प्रकाशाने विघटित होत असल्यामुळे मालाचा रंग उतरतो. कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यावर फार विसंबता येत नाही, आणि त्याचा चुरा मालात मिसळला की विक्रीच्या वेळी तो कचराच धरला जातो.

आता धुरीच्या गोळीविषयी. तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फीन वायू सोडते, आणि फॉस्फीनवर उतारा नाही. माणसे झोपतात त्या घरात किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत ही गोळी ठेवणे म्हणजे कुटुंबाला विषवायूत झोपवणे होय. भारतात या रसायनाची धुरी सरकारी यंत्रणा किंवा कीडनियंत्रण व्यावसायिक यांनीच, मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यायची असते; घरात वापरण्याची ही वस्तू नाही. त्यातून फायदाही होत नाही, कारण उघड्या थप्पीतून वायू निसटतो, अंडी वाचतात, आणि अशा अर्धवट धुरीतून फॉस्फीनला न जुमानणारी कीड तयार होते. तंबाखूवरच्या या भुंगेऱ्यात अशी प्रतिकारशक्ती आढळलेली आहे. धुरी व्यवस्थित दिली तरी वायू उडून गेल्यावर मागे काही संरक्षण उरत नाही.

मग लहान शेतकऱ्याने करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. नवा माल येण्याआधी खोली झाडून भेगा बुजवाव्यात आणि झाडलोट जाळून टाकावी. जुनी गोणी वापरू नये आणि जुना माल नव्याशेजारी ठेवू नये. हळद पूर्ण वाळल्यावर आणि थंड झाल्यावरच हवाबंद पिशवीत भरावी, हवा दाबून काढावी, तोंड पिळून दुमडून घट्ट बांधावे, आणि पिशव्या भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचाव्यात. घरच्या वापराची किलो-दोन किलो हळद घट्ट पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवली तर आतली अंडी-अळी मरते. भुंगेऱ्याचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढून घेणारे सापळे, मिळाले तर खोलीत एखादा टांगावा, मात्र त्यात नरच सापडतात, म्हणून तो कीड आल्याची खबर देण्यापुरताच आहे असे समजावे. बंद पिशव्या तपासणीसाठी वारंवार उघडू नयेत, कारण प्रत्येक वेळी आत ताजी हवा जाते. त्यापेक्षा एक लहान पिशवी नमुन्यासाठी वेगळी भरावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तीच उघडून चाळावी. चाळणीखाली पिवळा भुसा पडला तर भाव वाढण्याची वाट न पाहता बाकीच्या पिशव्या त्याच आठवड्यात उघडून पाहाव्यात.