प्रमाणशीर धूळ

रेल्वे इंजिनाच्या जुन्या, छोट्या मॉडेलचं कवच उघडलं की आधी भेटतं ते ग्रीस. म्हणजे कोणे एके काळी ते ग्रीस होतं. आता ते घट्ट होऊन दातेरी चाकांत असं काही ठाण मांडून बसलेलं असतं की १२ व्होल्टची मोटर बिचारी नुसती गुरगुरते. मोटर जळाली असं समजून लोक ती टाकून देतात आणि खरा गुन्हेगार मोकाट सुटतो. ते खरवडून काढायचं, कम्युटेटरवरची, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या तांब्याच्या कड्यावरची काजळी पुसायची आणि त्याला टेकून वीज पोचवणारे कार्बन ब्रश बाहेर काढायचे. इथवर सगळं शांत असतं.

मग स्प्रिंग येते.

ब्रश दाबून धरणारी ही स्प्रिंग तांदळाच्या कणीएवढी, पण उडी मारायला कुणाच्या बापाला ऐकत नाही. चिमट्यातून ‘टिच्’ असा आवाज येतो आणि पाठोपाठ मी ओरडतो, ‘‘कुणीही हलू नका!’’ घरातली माणसं जिथे असतील तिथे एका पायावर उभी. मुलगा आता सवयीने बॅटरी घेऊनच येतो. जमिनीवर लोहचुंबक फिरवला की टाचण्या, सेफ्टी पिना आणि मागच्या इंजिनाचा स्क्रू मिळतो. स्प्रिंग फॉस्फर ब्राँझची असली, तर लोहचुंबकाने तरी काय करावं?

त्यातही सांगाडा धड निघाला म्हणजे नशीब. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची अशुद्धी राहिली असेल तर ओतीव भाग वर्षानुवर्षं आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी हातात भुगा येतो. त्याला औषध नाही.

मग जुना रंग काढायचा. प्लॅस्टिकच्या कवचाला ॲसिटोन लावलं तर रंगाबरोबर इंजिनही विरघळायचं. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल. एकदा पाहुण्यांनी खिडकीतल्या बरणीकडे बघून विचारलं, ‘‘काय मुरत घातलंय?’’ मी म्हटलं, ‘‘इंजिन.’’ ते फार वेळ बसले नाहीत. भिजलेला रंग जुन्या टूथब्रशने घासायचा. जुना म्हणजे नेमका कुणाचा, यावर घरात नंतर बरीच चर्चा झाली.

नव्या रंगाचे थर एअरब्रशने, म्हणजे रंगाच्या बारीक फवाऱ्याने, आणि पातळच द्यायचे. जाड थराखाली रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची बारीक डोकी) बुजतात, आणि रिव्हेट मोजणारी माणसं या छंदात खरोखरच असतात. शिवाय काळं इंजिन काळ्या रंगाने रंगवायचं नसतं! १:८७ म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याइतक्या लहान आकारावर निव्वळ काळा रंग सगळे बारकावे गिळून टाकतो, म्हणून गडद करडा घ्यायचा. नंबराच्या डिकॅलआधी, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील चित्राआधी, चकचकीत वार्निश हवं. खडबडीत रंगावर डिकॅल लावलं की खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. नंबर सरळ बसेपर्यंत शिंकायचं नाही. शेजारच्या खोलीतल्यांनीसुद्धा.

एवढं सोसल्यावर इंजिन नवंकोरं दिसतं. मग त्याला मळवायचं. याला वेदरिंग म्हणतात, आणि मला विचाराल तर सगळ्या कामात सर्वांत अवघड हेच. धुराड्याभोवती काजळी, चाकांच्या दांड्यांवर तेलकट थर, बॉयलरवरून ओघळलेल्या पाण्याचे पांढरट डाग, पायरीवर चिमूटभर धूळ.

ही मागे येऊन बराच वेळ बघत उभी होती.

‘‘अहो, आणलंत तेव्हा असंच तर होतं.’’

‘‘छे! तेव्हाची धूळ खऱ्या मापाची होती. ही सत्त्याऐंशी पट लहान आहे.’’



‘‘मग कपाटावर आहे ती कितीपट आहे, तेवढं बघता का जरा?’’