भूल दिल्यावर माणूस "प्रेत" होत नाही, तो फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका

परत तो मेसेज फिरतोय, "ऑपरेशनआधी नक्की वाचा". म्हणे भूल चढली की माणूस प्रेतासारखा, उगाच सगळे कपडे काढतात, भूलवाला डॉक्टर सुई टोचून निघून जातो, मधेच सगळ्यांना जाग येते आणि संमतीच्या फॉर्मवर सही केली म्हणजे आत वाट्टेल ते करायला मोकळीक. शेजारच्या काकूंचं गुरुवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, त्या हे वाचून नकोच म्हणायला लागल्या. मी अकरा वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर आहे म्हणून लिहितेय.

आधी कपड्यांचं, कारण काकूंना तीच धास्ती. काढावे लागतात, हो. कॉटरीची, म्हणजे विजेने कापायच्या आणि रक्त थांबवायच्या यंत्राची, प्लेट उघड्या कातडीला, बहुतेक वेळा मांडीला, नीट चिकटली नाही तर भाजू शकतं. पण लागेल तेवढंच उघडं ठेवायचं आणि बाकी अंगावर चादर, ती काय फक्त लाजेसाठी नसते, भुलीत अंग गार पडतं. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पापण्यांवर चिकटपट्टी लावतो. कोपराखाली मऊ घडी ठेवतो कारण तिथली नस दबली की नंतर करंगळी बधिर. झोपलेल्या माणसाला "सिस्टर, हात अवघडला" म्हणता येत नाही ना, मग ते आम्हीच बघायचं.

भूलतज्ज्ञ निघून जातो? अहो, खरं काम तर सुई टोचल्यावर सुरू होतं. बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा टीं टीं आवाज ऑक्सिजन उतरला की खालच्या पट्टीत जातो आणि भूलतज्ज्ञ काहीही करत असले तरी मान लगेच मॉनिटरकडे वळते, हे मी रोज बघते. कुणी एकाच वेळी दोन ओटी सांभाळत असेल तर ते चूकच, म्हणून आधीच विचारा की माझ्याजवळ पूर्ण वेळ कोण थांबणार.

जाग येण्याचं म्हणाल तर ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत साधारण १९,००० जनरल (पूर्ण झोपवणाऱ्या) भुलींमागे एकाने तशी तक्रार केली होती. सगळ्यांना नाही.

आणि सही. दिल्लीतली ४४ वर्षांची बाई, संमती दुर्बिणीने तपासायची, गर्भाशय काढायची नव्हती, पण ती भुलीत असतानाच आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. १६ जानेवारी २००८ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान पेशंटच्या जागी आईची सही चालत नाही. म्हणजे तुम्ही झोपलात तरी तुमचा "नाही" जागाच असतो.

मेसेजमागची भीती मात्र खोटी नाही. एका हॉस्पिटलात टेबलावरच्या बाईंच्या वजनावरून हसणं चाललं होतं, मी नवीन होते, गप्प बसले, ते अजून सलतं. आता मी तिथेच सांगते, बंद करा, आणि ओटीत मोबाईल निघाला तर बाहेर ठेवायला लावते. म्हणून भिऊन ऑपरेशन टाळण्यापेक्षा विचारा, आत स्टाफमधली बाई कोण असेल, विद्यार्थी असतील का, फॉर्मवर नेमकं कशाचं नाव लिहिलंय.

काकूंच्या मुलाने काल फॉर्म घरी आणला. त्या चष्मा लावून एकेक ओळ वाचतायत, दोन ठिकाणी पेन्सिलने खूण केलीय डॉक्टरांना विचारायला.