म्हणे, 'प्रोटोटाइपमध्ये बिनधास्त घाला'!

प्रोग्रामिंगच्या इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी कॉलेजच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज भाचीने पाठवला. 'मामा, एवढं पाठ केलं तर पुरे ना?' पुरे काय, यातलं अर्धं विसर! मेसेज म्हणतो: तयार क्लासला (म्हणजे वस्तू ज्यावरून बनतात त्या साच्याला) नवी मेथड (त्या वस्तूंवर चालणारं फंक्शन) जोडली की कुठल्याही भाषेत मूळ क्लासच बदलतो, पायथनच्या स्ट्रिंगलाही, म्हणजे मजकुराच्या तयार क्लासलाही, ती जोडता येते, आणि जावास्क्रिप्टमध्ये तर प्रोटोटाइपमध्ये (एका प्रकारच्या सगळ्या वस्तूंच्या सामाईक मेथड जिथे असतात तिथे) बिनधास्त घाला, कुणाचं काही बिघडत नाही.

शेवटचा मुद्दा आधी, कारण डोकं त्यानेच फिरलं. मूटूल्स या जावास्क्रिप्टच्या जुन्या लायब्ररीने (आयत्या कोडच्या संचाने) ॲरेच्या, म्हणजे यादीच्या, प्रोटोटाइपवर स्वतःची 'फ्लॅटन' मेथड घातली होती. 2018 मध्ये त्याच नावाची मेथड खुद्द भाषेत आणायचं चाललं होतं. फायरफॉक्स ब्राउझरच्या नाइटली या चाचणीच्या आवृत्तीत ती आली आणि हवामानाची एक जर्मन साइट मोडली. मूटूल्स आपली मेथड वरून चढवत होतीच, मग मोडलं का? भाषेच्या अंगच्या मेथड फॉर-इन लूपला (वस्तूतली नावं एकेक करून फिरणाऱ्या लूपला) दिसत नाहीत, आणि त्यांच्या जागी आपली ठेवली तरी ती अदृश्यच राहते. मूटूल्स ॲरेच्या मेथड याच लूपने 'एलिमेंट्स' या आपल्या दुसऱ्या प्रकारावर उचलून न्यायची. फ्लॅटन मागेच राहिली. शेवटी भाषेच्या समितीने माघार घेऊन नाव 'फ्लॅट' केलं. मध्ये कुणीतरी थट्टेत 'स्मूश' सुचवलं होतं, म्हणून हे 'स्मूशगेट'. गूगलने डेव्हलपरांसाठीच्या साइटवर सगळी हकीकत दिली आहे, वाच. एका लायब्ररीपायी अख्ख्या भाषेला नाव बदलावं लागलं, आणि हे म्हणतात बिनधास्त!

'मूळ क्लास बदलतो' हे रूबीसारख्या भाषांत खरं आहे, तेवढं मान्य. पण त्याचा त्रास व्हायला लागला म्हणूनच 2013 मध्ये रूबी 2.0 ने रिफाइनमेंट्स, म्हणजे असा बदल हवा तेवढ्याच भागापुरता ठेवायची सोय, आणले. सी शार्प आणि कोटलिन या भाषांमध्ये अशी मेथड जोडली तरी क्लासला हातही लागत नाही. कंपायलर आतून साधा स्टॅटिक कॉल करतो, म्हणजे क्लासबाहेरचं फंक्शन बोलावतो, त्याला क्लासची प्रायव्हेट फील्ड (आतली खासगी माहिती) दिसत नाहीत, आणि क्लासची स्वतःची तशीच मेथड असेल तर तीच चालते.

राहिली पायथनची स्ट्रिंग. तिला मेथड जोडायला गेलं की सरळ टाइपएरर ही चूक येते. स्वतः लिहिलेल्या क्लासला मेथड जोडता येते, 'एसटीआर'ला, म्हणजे स्ट्रिंगच्या तयार क्लासला, नाही. लोकल कुर्ल्याहून घाटकोपरला पोचेपर्यंत फोनवर तपासून झालं असतं.