अमेरिकेहून मागवलेला लॅपटॉप

ठाण्यातल्या नौपाड्यात मी गेली एकवीस वर्षे पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या अक्षरजुळणीचे व मांडणीचे काम करतो. गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: “मुलगी अमेरिकेहून येते आहे, तिच्याबरोबर लॅपटॉप मागवू का?” तिघांनाही मी नको म्हणून सांगितले. नकाराचे कारण फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या भाच्याने न्यू जर्सीत माझ्यासाठी लॅपटॉप घेतला आणि दिवाळीत घरी येताना आणला. किंमत ९९९ डॉलर होती. तिकडे दुकानात लावलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो बिल करताना वर लागतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. म्हणजे १,०६५ डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण ८८,४०० रुपये. त्याच ताकदीचा लॅपटॉप ठाण्यात १,०२,००० रुपयांना मिळत होता. साडेतेरा हजार वाचले याचा मला मनापासून आनंद झाला होता.

तो हिशेब चुकीचा होता. इथल्या १,०२,००० रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला होता, म्हणजे सुमारे १५,५०० रुपये. माझा व्यवसाय जीएसटीखाली नोंदलेला असल्यामुळे ती रक्कम मला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे मी सरकारला भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळाली असती आणि लॅपटॉप ८६,५०० रुपयांच्या आत पडला असता. न्यू जर्सीच्या विक्रीकराचे क्रेडिट इथे मिळत नाही. सीमाशुल्कामुळे आपल्याकडे लॅपटॉप महाग असतात, असेही सर्रास बोलले जाते. वास्तविक १९९६च्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत सामील असल्यामुळे तयार लॅपटॉपच्या आयातीवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. किमतीत दिसणारा मोठा कर तो जीएसटीच, आणि ज्यांना त्याचे क्रेडिट घेता येते त्यांनी तो वजा करूनच तुलना करावी.

विजेचा प्रश्न लोकांना फार मोठा वाटतो, पण लॅपटॉपच्या बाबतीत तो किरकोळ आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. ॲडाप्टरवर बारीक अक्षरांत १००–२४० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ असे छापलेले असेल तर ट्रान्सफॉर्मर लागत नाही. मात्र वायर बदलावी लागते. मी सुरुवातीला अमेरिकन प्लगच्या दोन चपट्या पिनांवर आपल्या सॉकेटात बसणारा कन्व्हर्टर लावून काम भागवले. त्याच्या वजनाने तो सॉकेटमधून पुढे झुकायचा, आत बारीक चर्रर्र आवाज यायचा आणि चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकले की मुंग्या यायच्या. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने ती वायर हातात घेऊन मला प्लगवरचा १२५ व्होल्टचा आकडा दाखवला आणि म्हणाला, “काका, ॲडाप्टर चांगला आहे, तो राहू द्या. भिंतीपर्यंतची ही वायर तेवढी बदला.” तीन गोल पिनांची आपली वायर लावली. ॲडाप्टरमधून झिरपणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाला अर्थिंगची वाट मिळाली आणि मुंग्या त्याच दिवशी थांबल्या. परदेशातून लॅपटॉप आणलाच असेल, तर निदान हे एक काम पहिल्या दिवशी करा. कीबोर्डवर रुपयाचे चिन्ह नव्हते, पण विंडोजमध्ये इंग्रजी-भारत हा कीबोर्ड निवडून उजव्या ऑल्टबरोबर ४ दाबले की ते उमटते. मराठी मी इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीने लिहितो, त्यात काहीच अडले नाही.

अडले ते २०२४च्या सप्टेंबरमध्ये. दोन दिवाळी अंकांची पाने लावायची होती, आणि एका सकाळी लॅपटॉप सुरूच झाला नाही. वॉरंटीचा महिना शिल्लक होता. सेवा केंद्रातल्या मुलीने अनुक्रमांक टाकला, पडदा माझ्याकडे वळवला आणि खरेदीचा देश दाखवला. या मॉडेलची वॉरंटी खरेदी केली त्या देशापुरतीच आहे, आणि हे मॉडेल भारतात विकले जात नसल्याने मदरबोर्डही इथे ठेवलेला नाही, असे तिने सांगितले. ती नियमाप्रमाणे बोलत होती. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सगळ्याच कंपन्यांचे असे नसते. काही मॉडेलांना आंतरराष्ट्रीय वॉरंटी असते, काहींची नोंदणी दुसऱ्या देशात वळवून घेता येते. पण कंपनीच्या नावावरून ते ठरत नाही, त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाची चौकशी करावी लागते आणि ती खरेदीआधीच करावी लागते. मी केली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला फार लागून राहिली आहे, ती आणणाऱ्या माणसाची. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. डेस्कटॉपला ती सवलत नाही. पण तिकडे नोकरी करणाऱ्या मुलाच्या पाठीवर त्याचा स्वतःचा लॅपटॉप असतोच. मग आपला दुसरा ठरतो, आणि वीस तासांच्या प्रवासानंतर विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले तर उत्तर त्याला द्यावे लागते, आपल्याला नाही. भाच्याला कोणी विचारले नाही, पण “मामा, पट्ट्यावरून बॅग येईपर्यंत जिवात जीव नव्हता,” असे तो घरी आल्यावर म्हणाला. पैसे वाचवण्यासाठी मी त्याच्यावर हे ओझे टाकायला नको होते.

जो तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहे आणि दोन-चार वर्षांनी परत येणार आहे, त्याने अर्थातच तिथेच घ्यावा. वॉरंटीचा काळ त्याचा तिथेच जातो. ज्याला ठाण्यात बसून रोज त्यावर पोट भरायचे आहे, त्याने ठाण्यात, वाशीत, जिथे बिल घेऊन पुन्हा त्याच दारात जाता येईल तिथे घ्यावा. दुरुस्तीसाठी परत अमेरिकेला पाठवू, असे म्हणणे सोपे आहे. लिथियम बॅटरी असलेले यंत्र कुरिअरने धाडताना अटी असतात, आणि परत येताना ते प्रवाशाचे सामान राहत नाही, त्याची रीतसर आयात होते.

अंकांची पाने मी भाड्याच्या संगणकावर लावली आणि नंतर गोखले रोडवरून जीएसटीच्या बिलासह नवा लॅपटॉप घेतला. जुना लॅपटॉप भाचा डिसेंबरमध्ये परत घेऊन गेला. वॉरंटी ऑक्टोबरमध्येच संपली होती.